बैठकीचा टँगो

टँगो नाचणारी माणसं परदेशी कशाला जातात, असं विचारलं तर लोक विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतील. नाचायला जातात, दुसरं काय! पण इतक्या उघड दिसणाऱ्या उत्तरांवर माझा फारसा विश्वास नाही. लोक लग्नाला जेवायला जातात हेही उघड दिसतं. प्रत्यक्षात ते कोण आलं नाही हे बघायला जातात. माझं म्हणणं असं, की टँगोचा प्रवासी व्हिसाच्या रांगेत उभा राहतो, नाचाचे बूट सामानात हरवू नयेत म्हणून हातातल्या पिशवीत घेतो आणि मुंबईहून निघाला तर पंधराएक हजार किलोमीटर उडून ब्वेनोस आइरेसला पोचतो, ते एका खुर्चीत बसण्यासाठी. लावणीत जसा बैठकीचा एक प्रकार आहे, बसल्या जागेवरून नजरेनं आणि अदाकारीनं रंगवायचा, तसा टँगो हा मुळातच बैठकीचा प्रकार आहे. मधून मधून उठून नाचावं लागतं, ते पाय मोकळे करायला.

हिशेबच मांडू. टँगोच्या सार्वजनिक नाचरात्रीला मिलोंगा म्हणतात. (टँगोच्या एका जलद चुलतभावालाही मिलोंगाच म्हणतात, अर्जेंटिनात नावांची टंचाई असावी.) तिथे गाणी एकामागून एक वाजत सुटत नाहीत. एकाच वाद्यवृंदाची, साधारण एकाच काळातली चार गाणी मिळून एक तांदा होतो. तांदा संपला की भलतंच काहीतरी, रॉक म्हणा, जॅझ म्हणा, मिनिटभर वाजतं. ही कोर्तिना, म्हणजे पडदा. पडदा पडला की जोड्या सुटतात आणि सगळे आपापल्या जागी परततात. पंगत उठली, पानं उचलली, की पुढची पंगत. गाणी बहुतेक १९३५ ते १९५५ या सुवर्णकाळातली, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मावणारी, म्हणजे तीनेक मिनिटांची. तेव्हा तांदा आणि पडदा मिळून तेरा मिनिटं धरली, तर पाच तासांच्या रात्रीत तेवीस तांदे होतात. परक्या गावात नवख्याला त्यातले सात मिळाले तर त्यानं नशीब काढलं म्हणायचं. सात तांदे म्हणजे दीड तास. उरलेले साडेतीन तास तो काय करतो? बसतो. त्या दीड तासातही गाणं संपलं की लगेच पुढचं नाचायचं नसतं. नवं गाणं सुरू झाल्यावरही पंधरावीस सेकंद उभं राहून गप्पा मारायची रीत आहे. ज्या कलेत सत्तर टक्के वेळ बूड टेकलेलं असतं, तिला नृत्य म्हणणं हा सौजन्याचा भाग झाला.

भाषेचाही पुरावा आहे. रात्रभर कुणी नाचायला न बोलावल्यामुळे बसून राहण्याला ब्वेनोस आइरेसमध्ये ‘प्लांचार’ म्हणतात. शब्दशः अर्थ, इस्त्री करणे. जिथे घरगुती कामाचं सबंध क्रियापद त्यासाठी राखून ठेवलंय, तिथे बसणं हा अपघात नसून व्यवसाय आहे हे कुणीही ओळखेल.

यावर पहिला आक्षेप सिनेमावाल्यांचा येतो. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनो गाउचोच्या, म्हणजे तिकडच्या गुराख्याच्या, वेशात पडद्यावर टँगो नाचला, तेव्हापासून सिनेमात कुणी बसलेलं दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांना टँगो म्हटलं की आठवतो तो १९९२ च्या ‘सेंट ऑफ अ वुमन’मधला अल पचिनो: अंध निवृत्त कर्नल अनोळखी मुलीला नाचाला बोलावतो आणि ‘पोर उना काबेसा’च्या सुरावर रिकामा मंच गाजवतो. प्रसंग देखणा आहे, पण ब्वेनोस आइरेसच्या पारंपरिक मिलोंगात त्या कर्नलला पहाटेपर्यंत इस्त्रीच करावी लागली असती. एक तर ते गाणं कार्लोस गार्देलचं, आणि गार्देल ऐकायचा, त्याच्यावर नाचायचं नाही, असा तिथल्या जुन्या मंडळींचा दंडक. दुसरं म्हणजे तिथे तोंडानं विचारतच नाहीत, डोळ्यांनी विचारतात. ‘पोर उना काबेसा’ म्हणजे घोड्याच्या शर्यतीतलं ‘एका डोक्यानं’ हरणं, आणि टँगोतलं आमंत्रणही एका डोक्याच्या अंतरानंच हुकतं.

त्या आमंत्रणाला काबेसेओ म्हणतात: काबेसा म्हणजे डोकं, काबेसेओ म्हणजे डोक्यानं केलेली खूण. ते जवळून पाहण्यासारखं आहे. पडदा पडलाय, मंच रिकामा झालाय, समोरची रांग पहिल्यांदाच मोकळी दिसतेय. नव्या तांद्याचे पहिले सूर येतात आणि जाणकारांचे कान टवकारतात. हुआन दारिएन्सोचा ठणठणीत ठेका असेल तर अमुक जोडीदार, ओस्वाल्दो पुग्लिएसेचं दाटून येणारं, मध्येच श्वास रोखणारं संगीत असेल तर तमुक. कुणाशी कशावर नाचायचं याचं कोष्टक डोक्यात तयार असतं. आता पलीकडच्या रांगेतल्या बाईंकडे बघायचं. टक लावायची नाही, पण नजर घसरूही द्यायची नाही. त्यांना नाचायचं असेल तर त्या नजर धरून ठेवतात. नसेल तर त्यांना नेमक्या त्याच क्षणी पंख्याची घडी, पाण्याचा ग्लास किंवा छतावरचा दिवा अतिशय रंजक वाटू लागतो. नजर भिडली की पुरुषानं मान किंचित हलवायची, डुलकीतून दचकलेल्या माणसाची हलते तितकीच. त्या मान तुकवतात. तो उठतो, मंचाला वळसा घालत येतो आणि पुढ्यात येऊन उभा राहीपर्यंत बाई खुर्ची सोडत नाहीत. कारण मागच्या रांगेतल्या बाईंनाही ती मान आपल्यासाठीच हलली असं वाटलेलं असू शकतं, आणि दोघी एकदम उठल्या तर त्या शहरात त्या माणसाला पुढचे आठ दिवस तोंड दाखवायला जागा उरत नाही. चष्मेवाल्यांची तर फारच पंचाईत. चष्मा काढला तर नजर पोचत नाही, घातला तर गालाला गाल लागताना काड्यांची टक्कर होते. म्हणून चष्मा फक्त बसण्यासाठी लावायचा आणि नाचताना खिशात ठेवायचा. डोळे कशासाठी लागतात, बघा.

एवढ्यासाठीच तिथल्या जुन्या मिलोंगांत लख्ख उजेड असतो. मंद दिवे आणि लाल पडदे अपेक्षून गेलेला प्रवासी व्हिया उर्किसामधल्या सन्डरलँड क्लबात शिरला, की आपण चुकून एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलो असं त्याला वाटतं. ते बास्केटबॉलचं मैदान आहे. नामवंत नर्तक तिथे बास्केटबॉलच्या जाळीखालून घड्याळाच्या उलट दिशेनं फेरी घालत असतात आणि भोवतीच्या टेबलांवर सहकुटुंब जेवणं चाललेली असतात. मंद उजेडात नाचता येतं, बसता येत नाही, हे त्या शहराला फार पूर्वी कळलेलं आहे.

खुर्च्यांची व्यवस्था पाहिली की उरलासुरला संशयही फिटतो. पारंपरिक मिलोंगात आपण हवं तिथे बसायचं नसतं. यजमान नेऊन बसवतात. अनेक ठिकाणी एका बाजूला पुरुष, समोर बायका. पुढची रांग वर्षानुवर्षं येणाऱ्यांची. नवख्याला मागे, खांबाआड किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, म्हणजे जिथून फक्त वेटर दिसतो. जोडपं एकत्र बसलं तर ते एकमेकांपुरतं आहे असं समजून दुसरं कुणी त्यांच्याकडे बघत नाही. म्हणून चलाख जोडपी एकाच टॅक्सीनं येतात, कोपऱ्यावर उतरतात आणि अर्ध्या तासाच्या अंतरानं आत शिरतात. पंचवीस वर्षं संसार केलेली माणसं चांगल्या खुर्चीसाठी अनोळखी होतात. नाचासाठी कुणी एवढं करत नाही.

आता कुणी म्हणेल, बसायचंच होतं तर घरी सोफा नव्हता का? आक्षेप वाजवी आहे, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. आपल्या गावच्या नाचमंडळींत माणसाची किंमत ठरून गेलेली असते. पहिल्या वर्षी त्यानं कुणाचा अंगठा तुडवला आणि कोणत्या वळणावर त्याचा तोल जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. तिथे त्याला नकार मिळतो तो जुन्या हिशेबाचा, आणि होकार मिळतो तो भिडेचा. परक्या गावात पाटी कोरी. तिथे जी मान हलते ती ओळख, भीड, उपकार यांतलं काहीही नसताना हलते, आणि असा निखळ होकार ऐकण्यासाठी, खरं तर बघण्यासाठी, माणसं बँकेतल्या ठेवी मोडतात. नकारही तितकाच निखळ. आपल्याकडे कांदेपोह्यांनंतर ‘कळवतो’ म्हणून महिनाभर टांगून ठेवतात. तिथे सगळा निकाल दोन सेकंदांत, एक शब्दही न बोलता, पोहे न खाता लागतो. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही की काही विचारलं होतं. ब्वेनोस आइरेसमध्ये कुणी स्थानिक नर्तक नव्या पाहुणीला हमखास तांद्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या गाण्याला उचलतो, म्हणजे निवड चुकली तरी भोग एकदोन गाण्यांचाच. पाहुणी मात्र इतकी आनंदते की तिला हे गणित लक्षात येत नाही. मध्येच कुणी ‘ग्रासियास’ म्हणालं तर मात्र समजायचं की संपलं. गाण्यांच्या मधल्या थांब्यात म्हटलेल्या ‘धन्यवाद’चा तिथे अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. या बाबतीत मराठी माणसाला जन्मजात संरक्षण आहे. तो आभार मानायलाच शिकलेला नसतो.

दुसरा आक्षेप पर्यटनवाल्यांचा: मग ही माणसं शहर कधी बघतात? बघत नाहीत. पहाटे चारला खोलीवर येणाऱ्यानं दुपारी दोनला उठून कोणतं संग्रहालय गाठावं? त्यांच्या लेखी बर्लिन म्हणजे १९१३ मध्ये उघडलेलं क्लेर्खेन्स बॉलहाउस आणि ब्वेनोस आइरेस म्हणजे चारपाच दालनांची फरशी: कुठे लाकूड, कुठे संगमरवर, कुठे बूट चिकटतो. युरोपात तर शनिवार-रविवारच्या टँगो-संमेलनांना नाचवणारे आणि नाचणारे समसमान हवेत म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं आणि अनेकांना प्रतीक्षायादीवर टाकतात. थोडक्यात, नकार घरपोच मिळतो. तो खाण्यासाठी विमानसुद्धा लागत नाही.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. पुरुषानं खूण करायची आणि बाईनं वाट बघायची, हा जुनाट मामला नाही का? ‘प्लांचार’ हा शब्द बायकांच्याच वाट्याला जास्त आला, आणि घरकामातूनच यावा हाही योगायोग नसावा. हे मान्य करून एवढंच म्हणतो, की खूण पुरुष करत असला तरी कुणाकडे बघायचं हे बाई आधी ठरवते. त्या बघण्याला मिरादा असं स्वतंत्र नावही आहे. तिनं नजर दिलीच नाही तर पुरुषाची मान पंख्याच्या वाऱ्यावर हलल्यासारखी वाया जाते. अंगावर चालून येऊन हात पुढे करणाऱ्याला चारचौघांत नाही म्हणण्यापेक्षा छताकडे बघणं सोपं. शिवाय आता बायका नाचवतात, पुरुष नाचवून घेतात, भूमिका तांद्यागणिक बदलणाऱ्या मिलोंगाही बऱ्याच शहरांत भरतात. भूमिका बदलल्या, खुर्च्या मात्र हलल्या नाहीत.

आणि मुख्य म्हणजे खुद्द टँगोही होकारासाठी असाच परक्या गावी गेलेला आहे. रिओ दे ला प्लाताच्या काठावर, ब्वेनोस आइरेस आणि मोन्तेविदेओच्या गरीब वस्त्यांत तो वाढला. त्याचं प्राणवाद्य बांदोनेऑन हे जर्मनीतून आलेलं. एवढं असून घरच्या प्रतिष्ठित मंडळींनी कित्येक वर्षं त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनाही छताचे दिवेच रंजक वाटत होते. मग तो परदेशी गेला. १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचं वेड लागलं. त्याच वर्षी जर्मन कैसरनं आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो नाचायला बंदी केली, म्हणजे ते नाचत होते हे सिद्ध झालं. पॅरिसनं मान हलवली, तेव्हा कुठे ब्वेनोस आइरेसचे दिवाणखाने उठून पुढे आले. पुढे घरी पुन्हा पडता काळ आला, तर १९८३ साली ‘तांगो आर्हेन्तिनो’ हा कार्यक्रम उघडला तोही पॅरिसलाच, आणि त्यानंतर जगभर पुन्हा वर्ग सुरू झाले. फिनलंडनं तर त्याला दत्तकच घेतलं. सेइनायोकीत १९८५ पासून टँगोची जत्रा भरते. न बोलता आमंत्रण देणारा नाच अबोल फिन लोकांना भावला, यात नवल ते काय. २००९ मध्ये युनेस्कोनं मान तुकवली तीही अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांकडे बघून. बाप कोण, यावरून दोघांचं अजून पटत नाही, पण तेव्हा दोघंही एकदम उठले आणि त्यांना कुणी हसलं नाही.

रात्रीच्या शेवटी ‘ला कुम्पार्सिता’ वाजतं. मोन्तेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या विद्यार्थ्यानं रचलेली ही धून लागली की समजायचं, आता यानंतर काही नाही. ज्यांना कुणी मिळालं ते उठतात. ज्यांना नाही ते वाकून बुटांचे बंद सोडतात, नाचाचे बूट कापडी पिशवीत घालतात, रस्त्यावरचे चढवतात. वेटर मागच्या रांगेच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवू लागलेला असतो. खांबाआडचा पाहुणा त्याच्यापाशी जातो आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारतो, उद्या किती वाजता आलं तर पुढे बसायला मिळेल?