जिभेवर खापर कशाला?

सोलापुरात एखाद्या मुलीनं वजन उतरवायचं मनावर घेतलं की पहिला बळी शेंगाचटणीचा. मग शेंगापोळी, मग भात, मग सकाळचा नाश्ता. आठवडाभरात ताटात उरते काकडी आणि भोवती घरच्यांची शाबासकी.

आणि पंधराव्या रात्री?

सगळे झोपल्यावर अंधारातच चटणीचा डबा उघडतो. कडक भाकरीचा आवाज होऊ नये म्हणून ती आधी दह्यात बुडवायची. पोट तुडुंब भरलं तरी हात थांबत नाही. सकाळी मान खाली, आणि शिक्षा म्हणून दिवसभर उपास. रात्री पुन्हा तेच.

घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. पंधरा दिवस अर्धपोटी काढणाऱ्या मुलीला ताबा शिकवणारे तुम्ही कोण?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्शानं उतरलं. ही मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहीजण आजारी पडेपर्यंत खात सुटले. यांच्या जिभा आधीपासून चटावलेल्या होत्या?

नाही. उपाशी होत्या.

1975 च्या एका प्रयोगात मिल्कशेक पाजून मग आइसक्रीम समोर ठेवलं. एरवी मोकळेपणानं खाणाऱ्यांनी ते कमी खाल्लं. खाण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे, तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा कडक! पंढरपूरच्या जिल्ह्याला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ नव्यानं सांगायला हवं?

डाएट करणारा प्रत्येकजण आजारी पडत नाही, हे खरं. पण आठवड्यातून एकदा तरी असा ताबा सुटतो, तीन महिने सुटत राहतो आणि मन खात राहतं, तेव्हा तो आजार असतो. त्याचं नाव बिंज ईटिंग. खाल्लेलं ओकून काढणं किंवा उपासानं फेडणं सुरू झालं तर बुलिमिया. अंगानं बारीक असलेल्यांनाही तो होतो. काटा पाहून ओळखू येईल, या भ्रमात राहू नका.

डाएट दीक्षितांचं की दिवेकरांचं, यावर महाराष्ट्र तावातावानं भांडला. जेवणानंतर नळ सोडून न्हाणीघरात ओकणाऱ्या मुलीवर किती घरांत बोलणं झालं?

‘लग्न ठरलंय, आठ किलो उतरव’ हे मात्र सगळ्यांनी सांगितलं.

उपचाराची सुरुवात जेवणापासूनच होते. तीन वेळा जेवण, मध्ये थोडं खाणं, चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. नवं डाएट नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

फोन लावा. आणि तिच्या ताटातल्या भाकऱ्या मोजणं आजपासून बंद करा.