कृपया मागे जाऊ नये

घोडेगाव घ्या नाहीतर जुन्नर. तहसील कचेरीच्या आसपासच्या कुठल्याही ई-सेवा केंद्रात दिवसभर एकच हुकूम ऐकू येतो : "काका, कशाला हात लावू नका!" काकांनी हात लावलेलाच नसतो. त्यांनी फक्त मान लांब करून स्क्रीनकडे पाहिलेलं असतं. पण केंद्रातल्या पोराचंही काही चुकत नाही. अर्जाची पाचवी पायरी चालू आहे, वर लाल अक्षरांत 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये' अशी तंबी आहे, आणि बाहेरच्या बाकावर अजून अर्धं गाव बसलंय.

आपल्याकडच्या पोर्टलांच्या दोन जाती. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

जुनी जात दर क्लिकला मरते आणि पुन्हा जन्म घेते. जिल्हा 'पुणे' निवडा. स्क्रीन पांढरीफटक. मग राजमुद्रा उगवते, मग मंत्रीमहोदयांचे हसरे फोटो, मग सरकणारी सूचनांची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी तालुक्यांची यादी. 'आंबेगाव' निवडा. (मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याची कचेरी घोडेगावात, पण यादीत नाव ठणठणीत.) पुन्हा पांढरं, पुन्हा राजमुद्रा, पुन्हा तेच हसू. गावापर्यंत पोचेस्तोवर मान्यवरांचं तीनदा दर्शन घडतं आणि कॅप्चा शिळा होतो. मागितलं काय होतं? तालुक्यातल्या गावांची यादी. नुसता मजकूर धरला तर काही केबींचा मामला.

तमाशा कोळून प्यालेल्या नारायणगावकरांना यातला वेडेपणा समजावून सांगायला नको. तमाशात गण होतो, गौळण येते, बतावणी रंगते, मग वग उभा राहतो. दर वेळी तंबू उतरवून, पब्लिकला बाहेर काढून, पुन्हा तिकीट कुणी फाडत नाही. तंबू तोच, बदलतो तो खेळ. वेबपानातही हे करता येतं, आणि ते काही काल-परवाचं नाही. पान जागच्या जागी ठेवायचं आणि सर्व्हरकडून हवा तेवढाच तुकडा मागच्या मागे आणवायचा, ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत दिली. १ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलने तिचा धडाक्यात वापर केला. २००५ च्या फेब्रुवारीत गुगल मॅप्स आलं, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट नावाच्या गृहस्थांनी या सगळ्या प्रकाराला 'एजॅक्स' असं नाव दिलं. तेव्हा जन्मलेली पोरं आज मतदान करतात. आमची यादी मात्र अजून राजमुद्रेच्या मागून येते.

आता नवी जात. हिच्यात पान मुळीच बदलत नाही, सगळं कसं सरसर सरकतं. सादरीकरणाच्या दिवशी, मंत्रालयातल्या वाय-फायवर, टाळ्या पडतात. पण सरकण्याआधी तो अख्खा प्रोग्राम फोनवर उतरावा लागतो, आणि तो एमबीत मोजायचा असतो. मंचरात उतरतो. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गोल फिरत राहतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत टिपला, ही बातमी २०२३ च्या जानेवारीत जगभर गाजली. त्याच मुलखात घाटमाथ्याकडे गेलात तर ओटीपी टिपण्यासाठी माणसाला टेकाडावर चढावं लागतं.

बरं, उतरला एकदाचा प्रोग्राम. नाव, आधार, गट नंबर, बँक, पिकाचा फोटो, इथवर आलात. बँकेचा एक आकडा चुकलाय म्हणून सवयीने फोनचं मागचं बटण दाबलं. दाबणारच, अँड्रॉइडवर मागे जायची रीतच ती. आणि तुम्ही थेट पोर्टलच्या बाहेर! अर्ज कोरा. कारण साधं आहे : तुम्हाला दिसल्या पाच पायऱ्या, ब्राउझरच्या लेखी पान एकच. त्याला मधल्या पायऱ्या कुणी सांगितल्याच नाहीत. सांगायची सोय आहे. 'हिस्टरी एपीआय' म्हणतात तिला, २०१० ते १२ च्या दरम्यान सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली. पायरी बदलली की ब्राउझरच्या वहीत नोंद करायची, वरचा पत्ता बदलायचा, आणि कुणी मागे आलं की त्या नोंदीप्रमाणे मागची पायरी उभी करायची. पान नव्याने भरायची गरज नाही.

काही ठेकेदार यातलं अर्धंच काम करतात. पत्ता बदलतो, पण त्या पत्त्यावर काय द्यायचं हे सर्व्हरला कुणी शिकवत नाही. मग भाच्याने ओतूरहून व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक मामाकडे उघडली की '४०४'. आणि दृष्टिहीन माणूस स्क्रीन वाचून घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर अर्ज भरत असेल, तर पायरी बदलल्याचं त्याला कळतच नाही. पान नव्याने उघडलं असतं तर सॉफ्टवेअरने निदान त्याचं नाव वाचलं असतं. आता ते सांगायची व्यवस्था प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायची असते. तो करत नाही, कारण टेंडरात लिहिलेलं नसतं.

यावरचा आपला उपाय म्हणजे ती लाल ओळ. 'मागे जाऊ नये.' प्रोग्राम दुरुस्त करायला दिवस लागतात, ओळ लिहायला मिनिट.

आणि एक. दर ठिकाणी हे सरकतं प्रकरण लागतंच असंही नाही. सातबारा पाहायचा तर तो एक कागद. साधं, हलकं पान द्या, भराभर उघडेल. सरकणं हवं ते लांबलचक अर्जात, आणि तिथेही आधी साधा अर्ज चालता ठेवून मग वर त्याचा मुलामा. आम्ही नेमकं उलटं करतो : सातबाऱ्याला नाच आणि अर्जाला बंदोबस्त.

तेव्हा संबंधित साहेबांना विनंती एवढीच. पुढच्या टेंडरात फार तांत्रिक काही लिहू नका. ठेकेदाराला घाटमाथ्यावरच्या आहुप्याला न्या, हातात स्वस्तातला स्वस्त फोन द्या, पाचव्या पायरीपर्यंत अर्ज भरायला लावा आणि मागचं बटण दाबायला सांगा. चौथी पायरी भरलेली दिसली तर बिल काढा. नाही दिसली तर त्यालाही त्या बाकावर बसवा.