मानसिकता नावाचा आजार

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा कोणी ‘तंत्रज्ञान जागृती कार्यशाळा’ भरवल्याचे ऐकिवात नाही. आता मात्र दर परिसंवादात निदान ठरलेले: मागवाल्यांची मानसिकताच बदलत नाही! (चहा-बिस्किटांनंतर हे निदान अधिकच पक्के होते.) मानसिकता हे कारण मोठे सोयीचे, त्याला ना व्याज लागते, ना वीज.

खर्चीवाल्याचे, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याचे, गणित वेगळे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याच्या वाट्याला पिकाच्या (आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने मजुरी, तीही सावकाश. धोट्याऐवजी हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारा एअरजेट माग त्याला दाखवा, तो डोळे भरून पाहतो. मग कॉम्प्रेसरचे वीजबिल विचारतो आणि मुकाट्याने आपल्या साध्या मागाला तेल घालायला जातो. यालाच अहवालात ‘अज्ञान’ म्हणतात.

केंद्राने १९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना काढली. व्याजात सवलत आली खरी. पण सवलतीसाठी आधी कर्ज हवे, कर्जासाठी तारण हवे, आणि भरभक्कम तारण ज्याच्याकडे होते त्याचे सवलतीवाचून फारसे अडले नव्हते.

तेव्हा साहेब, मानसिकता जरूर बदला. सुरुवात मजुरी थकवणाऱ्यांपासून करा.