अर्ध्या वाटीचे शास्त्र

मराठी घरात अन्नाच्या तीन अवस्था मानल्या जातात : ताजे, उरलेले आणि शिळे. वाया गेलेले ही चौथी अवस्था कोणी कबूल करत नाही. ते अन्न 'खराब झाले' असे म्हणतात, म्हणजे दोष अन्नाचा. ताजे अन्न उरलेले केव्हा होते हे नेमके सांगता येते. जेवणे आटोपल्यावर पातेल्यात डोकावून कोणीतरी 'एवढंसंच राहिलंय' म्हणते, तोच तो क्षण. उरलेले शिळे केव्हा होते याबद्दल मात्र सासर आणि माहेर यांची मते सहसा जुळत नाहीत. एका घरात रात्रीचे वरण सकाळी शिळे धरतात, दुसऱ्या घरात आमटीला दुसऱ्या दिवशीच खरी चव येते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतले होते; हॉटेले आणि दुकाने बरीच मागे राहिली. भारतातल्या घरांसाठी दरडोई वर्षाला ५५ किलो असा अंदाज त्यात आहे. भागाकार केला तर रोजचे माणशी दीडशे ग्रॅम पडतात, म्हणजे मोठी वाटीभर मऊ भात. या मोजणीत साली, हाडे आणि कोयीही धरलेल्या असतात. त्यामुळे 'आमच्याकडे काही वाया जात नाही' म्हणणाऱ्यांना थोडी पळवाट मिळते, पण ती फार रुंद नाही. या विषयाच्या जागृतीसाठी २९ सप्टेंबर हा दिवसही संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिला आहे. २०२१ आणि २०२४ मध्ये तो पितृपक्षात आला, जेव्हा घरोघरी वर्षातल्या सर्वाधिक भाज्या एकाच दिवशी रांधल्या जातात आणि उरलेल्याची जबाबदारी कावळ्यावर असते.

उरण्याची सुरुवात टाकताना होत नाही, रांधताना होते. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो आणि तो दोघांना पुरतो, हे सर्वांना ठाऊक असते. तरी तांदूळ मोजून झाल्यावर हात पुन्हा डब्यात जातो आणि एक मूठ वर पडते. ही मूठ आल्यागेल्याची. आलागेला गेल्या कित्येक वर्षांत फोन न करता आलेला नाही, पण त्याची मूठ चालू आहे. मुठीचा शिजून जवळजवळ वाटीभर भात होतो, तेव्हा वरच्या दीडशे ग्रॅमांपैकी निदान एका माणसाचा हिशेब इथेच लागतो. यावर उपाय सोपा आहे : मूठ डब्यातच ठेवावी आणि बेसनाचा डबा हाताशी असू द्यावा. अवचित कोणी आलेच, तर पिठले दहा मिनिटांत होते. अडचण एवढीच, की पाहुण्यासमोर पळी पातेल्याच्या तळाला लागल्याचा आवाज ही घराची नामुष्की समजली जाते. बरोबर पुरणे म्हणजे कमी पडणे, अशी येथे व्याख्या आहे.

पोळ्यांची मोजणी याहून अवघड. 'किती पोळ्या खाशील?' या प्रश्नाला 'बघू' हे उत्तर मिळते, आणि 'दोन' या उत्तराचा अर्थ एक ते चार असा काहीही होऊ शकतो. म्हणून आकडे कणीक भिजवण्यापूर्वी गोळा करावेत, शक्यतो लेखी. शंका असेल तिथे कणीक थोडी राखून ठेवावी आणि पोळ्या कमी लाटाव्यात. झाकून फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक दुसऱ्या दिवशीही कणीकच असते, उरलेली पोळी मात्र प्रश्न होऊन बसते. वाढताना आग्रह करावा, पण ताटावर आडवा धरलेला हात हा नकार समजावा. तो पूर्वी संकोच समजला जाई, त्या काळात घरात खाणारी माणसेही जास्त होती.

खरेदीच्या बाबतीत कोथिंबिरीचे उदाहरण पुरेसे आहे. लागते चार काड्यांएवढी, मिळते जुडीने, आणि मंडईत जुडी स्वस्त झाली की दोन घेतल्या जातात. घरी आल्यावर ती निवडायची असते, म्हणजे 'नंतर' निवडायची असते. पिशवीत तशीच कोंबलेली ओली जुडी तीन-चार दिवसांत काळी पडते. मुळे कापून, न धुता, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्यास ती आठवडाभर टिकते. केळी, आंबे आणि पिकलेले टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारची फळे-भाज्या लवकर पिकवतो. पालेभाजीला त्यांचा शेजार देऊ नये. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि सर्वत्र चुकीची आहे : बटाट्याला अंधार हवा, कांद्याला वारा. पाकिटांच्या बाबतीत 'एक्स्पायरी' आणि 'बेस्ट बिफोर' यांत फरक करावा. पहिली तारीख उलटल्यावर तो पदार्थ खायचा नसतो, दुसरी फक्त चवीची आणि कुरकुरीतपणाची हमी देते. प्रत्यक्षात दोन्ही तारखा वाचण्यासाठी चष्मा लागतो आणि तो स्वयंपाकघरात नसतो.

आता फ्रिज. त्याचा घोषित हेतू अन्न टिकवणे हा असला, तरी व्यवहारात तो टाकण्याचा निर्णय लांबणीवर टाकण्याचे यंत्र आहे. ताजे उरलेले थेट कचऱ्यात टाकणे हे पाप, चार दिवस फ्रिजमध्ये राहून बुरशी आलेले टाकणे हा नाइलाज. डबा आत जातो तो पापाचे नाइलाजात रूपांतर होण्यासाठी. पुढच्या रांगेत आजचे असते, मागच्या रांगेत इतिहास. त्यातच डबे श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही, आणि उघडून पाहण्याचे धैर्य दिवसागणिक कमी होत जाते. म्हणून उरलेले काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात, नेहमी पुढच्या रांगेत आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. अशी तारीख पाहून घरातली वडीलधारी मंडळी दुखावतात, हे गृहीत धरावे.

भाताबाबत विनोद चालत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांच्यापासून तयार होणारे एक विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. तेव्हा भात दोन तासांच्या आत, भर उन्हाळ्यात तासाभरातच, पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये जावा. फ्रिजचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे. थंडीने जिवाणू मरत नाहीत, फक्त मंदावतात. तेव्हा फ्रिजमध्ये होते म्हणून चांगलेच असणार, हा युक्तिवाद टिकत नाही. पुन्हा गरम करायचे ते लागेल तेवढेच आणि एकदाच, वाफ येईपर्यंत.

या शास्त्राचे वैभव आहे ते रूपांतरात. नियम असा, की उरलेले अन्न त्याच नावाने पुन्हा पानात येऊ नये. रात्रीचा भात सकाळी 'भात' म्हणून पुढे आला तर नाके मुरडली जातात. त्याच भाताला मोहरी, हिंग, हळद आणि शेंगदाण्यांची फोडणी बसली, की त्यासाठी भांडणे होतात. फोडणीच्या भाताला मागणी इतकी असते, की तो करता यावा म्हणून रात्री भात मुद्दाम जास्त टाकणारी घरे आहेत. उरण्याचे नियोजन करावे लागणे ही शास्त्राची मोठीच प्रगती मानली पाहिजे. पोळी कुस्करून फोडणीस टाकली की ती फोडणीची पोळी, आणि काही घरांत थेट माणिकपैंजण. शिळ्या चतकोराला एवढे दागिन्याचे नाव देणारी भाषा टाकाऊपणाच्या प्रश्नाबाबत गंभीर आहे, यात शंका नाही. गूळ-तुपात कुस्करली तर मलिदा किंवा लाडू. भाकरी ताकात कुस्करावी. कोल्हापूर-सोलापूरकडे भाताची दहीबुत्ती होते. उरलेल्या वरणात कणकेची फळे सोडली की वरणफळे, त्यांनाच चकोल्याही म्हणतात. गोव्यात काहीच लपवत नाहीत. कालची माशांची आमटी मंद विस्तवावर आटवून घट्ट करतात, तिला उघडपणे 'कालची कडी' म्हणतात आणि सकाळी पावाबरोबर तीच आधी संपते.

साल, देठ आणि शिरा यांचेही असेच. दोडक्याच्या शिरांची तिळाबरोबर चटणी होते, दुधीच्या सालीचीही. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात, फणसाच्या आठळ्या उकडून किंवा भाजून खातात. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीवर साखर घालून ती मुलांना दिली, की भांडे घासण्याचे निम्मे कामही होते. आंबट झालेल्या दह्याची कढी करावी. या यादीत घरोघरी भर पडते, म्हणून ती इथेच थांबवणे बरे.

रूपांतराचा एक दोष मात्र पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. अर्धी वाटी मटकीची उसळ संपवायची म्हणून थालीपिठाचा घाट घातला जातो. उसळीत कांदा पडतो, मग भाजणी, मग ती सैल झाली म्हणून आणखी भाजणी, आणि आठ थालीपिठे होतात. खाल्ली जातात पाच. अर्ध्या वाटीच्या जागी आता तीन थालीपिठे उरली आणि लोण्याचा डबाही संपला. पदार्थ नष्ट होत नाही, त्याचे फक्त रूप बदलते, हा नियम शाळेत शिकवतात. रूप बदलताना तो वाढतो, हे स्वयंपाकघरात कळते. यासाठी मर्यादा घालून घ्यावी : नवा माल जुन्याच्या दुपटीहून जास्त नसावा आणि रूपांतर एकदाच करावे. भाजीचा पराठा ठीक, पराठ्याचा चुरा करून त्याचे कटलेट करू नये. घरची माणसे चवीवरून उगम ओळखतात.

रूपांतर जमले नाही, तर वाटप. अन्न दुसऱ्यास द्यायचे तर ते त्याच दिवशी, गरम असताना आणि पाहुण्याला वाढता येईल अशा स्थितीत द्यावे. तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला पुलाव वॉचमनला देणे हे दान नव्हे, विल्हेवाट आहे. फरक त्याला पहिल्या घासाला कळतो. गाईला एखादी पोळी चालते. गल्लीतल्या प्रत्येक घरातून दहा-बारा पोळ्या आणि भाताचे पातेले गेले तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते.

तरी बहुतेक घरांत उरलेले संपते ते यांपैकी कशानेही नाही. 'एवढ्याशासाठी कशाला डबा भरवायचा' असे म्हणून पातेल्यातली शेवटची पळी कोणीतरी आपल्या पानात ओढते. हे कोणीतरी बहुतेक घरांत एकच असते, सर्वांच्या शेवटी जेवायला बसलेले असते आणि त्याला भूक आहे का, हे विचारण्याची पद्धत नाही. ताजी पोळी इतरांना, सकाळची तिला. आजची भाजी डब्यात, कालची तिच्या दुपारच्या जेवणात. ज्या घरात 'आमच्याकडे काहीच वाया जात नाही' असे अभिमानाने सांगितले जाते, तिथे सांगणारा आणि संपवणारी वेगवेगळी असण्याचा संभव मोठा असतो. पंचावन्न किलोंच्या मोजणीत हे अन्न येत नाही, कारण ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. उपाय म्हणून शेवटच्या पळीसाठी पाळ्या लावाव्यात : सोमवारी वडील, मंगळवारी मुलगा, बुधवारी सून, याप्रमाणे. हा उपाय जिथे लागू होईल, तिथे आल्यागेल्याची मूठ आठवड्याभरात आपोआप बंद होईल.

यानंतरही जे राहील तो ओला कचरा. घनकचरा नियमांनुसार तो सुक्यापासून घरातच वेगळा करायचा असतो. कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. घरच्या भोके पाडलेल्या बादलीत हवा मिळत असल्यामुळे ते टळते. ओल्या कचऱ्यावर प्रत्येक वेळी सुका पालापाचोळा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा पसरावा आणि अधूनमधून हलवावे. वास आला तर ओल जास्त झाली, असे समजून भुसा वाढवावा. तेलकट रस्सा, मटणाची हाडे आणि मासळीचे काटे घरच्या बादलीत शक्यतो घालू नयेत. बादली गॅलरीत ठेवल्यावर शेजारी पहिले काही दिवस वास येतो म्हणतात, पुढे खत मागायला येतात.

शेवटी उरतो तो डबा. तो घासून, पुसून, झाकणासह जागेवर ठेवावा आणि झाकण सापडले नाही तर डब्याचा विषय तूर्त सोडून द्यावा. डबा शेजारचा असल्यास तो रिकामा परत करता येत नाही. त्यात घालून देण्यासाठी त्या दिवशी शिरा थोडा जास्त करावा लागतो.