25 गुणांची नदी

पावसाळा लागला की नृसिंहवाडीत सगळा गाव नदी मोजतो. पाणी कितव्या पायरीला टेकलं, दुपारपासून किती चढलं, कोयनेतून किती सोडलं, पंचगंगेला फुगवटा आहे का. दक्षिणद्वाराची वेळ जवळ आली की माणसं रात्रभर घाटावर बसून राहतात. कृष्णा उत्तरेच्या दारानं देवळात शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. ती वेळ आधी सांगणाऱ्याचा शब्द इथं मानला जातो. हातात यंत्र नसतं, पण रोजचं निरीक्षण असतं, मागच्या सालाची आठवण असते, अंदाज असतो आणि तो चुकला तर दुरुस्त करायची तयारी असते.

विद्यापीठात याला संशोधन म्हणतात.

याच वाडीतली पोरं एसटीनं कुरुंदवाडला, जयसिंगपूरला, सांगलीला कॉलेजात जातात. पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला 25 गुण होते. जवळच्या नदीवर जा, डोंगरावर जा, प्रदूषित जागा बघा, नोंदी करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढं काय झालं ते बहुतेक पदवीधरांना पाठ आहे. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प मिळतो. नाव बदललं, स्पायरल मारलं, सही झाली, गुण पडले. फाईल कपाटात आणि तिथून रद्दीत.

मला पोरांचा राग येत नाही, त्या कपाटाचा येतो.

वीस वर्षांचा हिशेब मांडून बघा. शिरोळ तालुक्यातल्या फक्त दहा मुलांनी दरवर्षी, महिन्यातून एकदा, कृष्णा-पंचगंगा संगमाच्या वरच्या अंगाला पंचगंगेचं पाणी तपासलं असतं. रंग, वास, सामू, विरघळलेला प्राणवायू, जलपर्णी कुठपर्यंत आली, मासे कुठल्या तारखेला तरंगले. हे काम बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होतं, त्याला परदेशी उपकरण लागत नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी आपल्या हातात असत्या. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी कुठल्या गल्लीत कधी शिरलं आणि किती दिवस थांबलं, याचा घरवार नकाशा असता. क्षारपड होत गेलेल्या शेतांची वर्षावर्षाची वही असती. अलमट्टीच्या फुगवट्यावर दोन राज्यं भांडतात, तेव्हा आपल्या बाजूनं मांडायला पोरांनी जमवलेला आकडा असता. प्रत्येक वर्षी त्या नोंदींसाठी गुण दिले गेले. नोंदी मात्र झाल्याच नाहीत.

कौतुकाची जागा अजिबातच नाही असं नाही. राज्यातल्या विद्यापीठांसाठी 2006 पासून ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आहे आणि पदवीच्या मुलांचा त्यात वेगळा गट आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली मुलं पोस्टर घेऊन उभी राहतात, परीक्षकांना आपलं काम समजावतात, काही थेट राज्यपातळीवर जातात. खेड्यातली मुलगी आपल्या पोस्टरसमोर उभी राहून न अडखळता उत्तरं देते, ते दृश्य मला फार मोलाचं वाटतं. माझी तक्रार स्पर्धा संपल्यानंतरची आहे. पदक मिळतं, फोटो निघतो आणि काम तिथंच थांबतं. पुढच्या वर्षीची मुलगी पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करते.

थांबण्याचं कारण शोधायला लांब जायला नको. मुलांना नदीवर न्यायचं कुणी? आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतला शिक्षकांच्या बढतीसाठीचा गुणांचा तक्ता उघडा. विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली तर मार्गदर्शकाला 10 गुण, प्रबंध नुसता सादर झाला तर 5, एम.फिल. किंवा पदव्युत्तर प्रबंधाला 2. पदवीच्या पोराला हाताशी धरून निरीक्षण शिकवणाऱ्यासाठी त्या यादीत ओळच नाही. शून्यसुद्धा लिहिलेलं नाही. त्यात कितीतरी वर्गांवर शिकवणारे तासिका तत्त्वावरचे. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. घाटावर घालवलेली सकाळ कुठल्या बिलात लावायची? तरीही असे शिक्षक आहेत, स्वतःच्या मोटारसायकलवर मुलांना मागं बसवून नेणारे. त्यांच्या भलेपणावर व्यवस्था किती वर्षं भागवणार?

अमेरिकेत एमआयटीनं 1969 मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारी योजना सुरू केली. काम करा आणि त्याचे श्रेयांक घ्या किंवा मानधन घ्या. एवढ्या लांबचं नको असेल तर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा पदवीच्या मुलांसाठीचा ‘नियस’ उपक्रम 2004 पासूनचा. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, ती विद्यार्थ्यांना आहे आणि शिक्षकांनाही आहे. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ही नावं लागतात का, ते उद्या जाऊन बघा.

आता चार वर्षांची पदवी आली आहे. चौथ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प, 12 श्रेयांकांचा. पण दार कुणाला उघडायचं? पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला. ज्या पोरानं लहानपणापासून पाणी वाचलं, होडीवर बापाला हात दिला, पुराच्या दिवसांत ज्याचं घर खालीवर झालं, त्याला 58 टक्के असू शकतात. पाठांतराच्या परीक्षेनं संशोधक निवडायचे, हे मला मान्य नाही. आणि संशोधनाची ओळख चौथ्या वर्षी करून द्यायची, हे तर फारच उशिराचं. ती पहिल्याच पावसाळ्यात व्हायला हवी.

माझ्या मागण्या साध्या आहेत. शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास मार्गदर्शनाचे म्हणून छापा आणि तासिकेवाल्याला त्याचे पैसे द्या. बढतीच्या तक्त्यात पदवीच्या प्रकल्पासाठी ओळ घाला. गेल्या वर्षीच्या मुलांची वही या वर्षीच्या मुलांच्या हातात द्या, नवी नको, तीच पुढं चालवा. आणि वर्षाच्या शेवटी ते काम ग्रामसभेत वाचून दाखवा, जिथं घाटावरचे जुने जाणते उठून म्हणतील, पोरी, ही तारीख चुकली, त्या दिवशी पाणी औदुंबराच्या पाराला लागलं होतं. आणि पोरगी तिथल्या तिथं पेन काढून ते लिहून घेईल.