रबडी सोडली, वैर ठेवलं

लेंट आला की इंदूरच्या ख्रिस्ती घरांत एकच विचारणा होते: ‘यंदा काय सोडलंस?’ कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी सराफ्याची रात्रीची फेरी. सराफा सोडणं सोपं नाही, हे कबूल. सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं पडली की त्यांच्याच पुढ्यात कढया चढतात, तळलेल्या गराडूवर मसाला भुरभुरतो, रबडीची साय वाटीत पडते आणि उपवासाचा निश्चय गल्लीच्या तोंडाशीच डळमळतो. जीभ आवरणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण चाळीस दिवसांचा हिशेब तेवढ्यावरच मिटत असेल, तर सैतान फार स्वस्तात सुटला.

अरण्यात येशूच्या तीन परीक्षा झाल्या. भाकरीची त्यातली एकच. उरलेल्या दोन होत्या सामर्थ्य मिरवण्याच्या आणि सत्ता मिळवण्याच्या. आपण सोप्या पेपरला बसतो आणि बाकीच्या दोन विषयांना दांडी मारतो.

सगळ्यांत कठीण मोह न्यायाच्या वेशात येतो. ‘त्यानं माझं वाटोळं केलं, मी का सोडू?’ असं म्हणताना आपण पाप करतोय, असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून तर वैर वर्षानुवर्षं टिकतं.

या मोहाला हरवणारं घर आपल्याला माहीत आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतमजुरांना बचत शिकवत होत्या, सरकारी योजना मिळवून देत होत्या, सावकाराच्या दारी न जाता कर्ज कसं घ्यायचं ते सांगत होत्या. व्याजावर पोसलेल्यांना ते झोंबलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, राखेचा बुधवार चार दिवसांवर असताना, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदरसिंह नावाच्या तरुणानं त्यांना प्रवाशांदेखत भोसकून मारलं.

राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्यांच्याच धर्मसंघातली. सख्ख्या बहिणीचा खून झालेला. द्वेष करायला तिच्याइतका हक्क कुणाला होता? 2002 मध्ये ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि ज्या हातानं सुरा चालवला त्याच हातावर तिनं राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठीही सेल्मी आणि त्यांच्या संघातल्यांनी खटपट केली. 2006 मध्ये तो सुटला. पुढे केरळला जाऊन त्यानं राणी मारियांच्या आईवडिलांची क्षमा मागितली, त्यांनी ती दिली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी राणी मारियांना इंदूरमध्येच ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आलं.

‘मग काय, गुन्हेगारांना मोकळं सोडायचं?’ असा प्रश्न लगेच येतो. समंदरसिंहनं अकरा वर्षं तुरुंगात काढली. कोर्टानं आपलं काम केलं. त्या कुटुंबानं सोडला तो फक्त द्वेष. न्याय मागणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नाशावर जगणं वेगळं. ही सीमारेषा आपण हवी तशी पुसून घेतो.

आणि आपलं काय? मंडळीच्या जागेवरून दावे, कमिटीच्या खुर्चीवरून अबोला, बापाच्या घराच्या वाटणीवरून भावाभावांत दहा-दहा वर्षांची तेढ. रविवारी दोघंही त्याच प्रभुभोजनाला येतात, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. दोघांनीही लेंटमध्ये मटण सोडलेलं असतं!

शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की आपण शेजारच्याचा हात हातात घेतो आणि तीन बाक मागच्याची नजर चुकवतो. येत्या रविवारी उठा आणि त्या तीन बाकांइतकं चालत जा. तो हात पुढे करेलच, याची हमी नाही. तुरुंगाच्या दारात सेल्मींनाही ती कुणी दिली नव्हती.