गावच्या ढोलकीस वेशीबाहेर ठेवण्याच्या परंपरेविषयी यात्रा समित्यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, खजिनदार व सर्व सन्माननीय सदस्य,
ग्रामदैवत यात्रा उत्सव समिती,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ज्या गावास हे पत्र लागू पडेल ते गाव, जि. पुणे.

विषय : गावच्या कलावंतास गावातच सुपारी मिळू न देण्याच्या कामी समितीने दाखविलेल्या सातत्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे लोककलेच्या व्यवहारातील स्थान असे आहे, की त्याचा हेवा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांनीही करावा. जुन्नर तालुक्यातील नारायणगावास तमाशापंढरी म्हणतात, ते उगीच नव्हे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे राज्यभरातील तमाशा फडांच्या राहुट्या, म्हणजे कार्यक्रम ठरविण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या कापडी कचेऱ्या, लागतात आणि गावोगावचे यात्रा पुढारी तेथे येऊन सुपारी देतात. सुपारी म्हणजे तारीख पक्की केल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम आणि तिच्यासोबत दिलेला शब्द. ज्या मुलखात अवघ्या महाराष्ट्राच्या करमणुकीचा सौदा होतो, त्याच मुलखातील ढोलकीवाल्याला, हलगीवाल्याला किंवा शाहिराला स्वतःच्या वेशीच्या आत मोबदल्याची एक रात्र मिळू नये, ही गोष्ट आपोआप घडणारी नाही. तिच्यामागे समितीची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे, आणि तिची जाहीर दखल घेणे हाच या पत्राचा हेतू आहे.

समितीचे व्यवहारज्ञान पाहावयाचे, तर ते राहुटीत पाहावे. कनातीला टांगलेली दिनदर्शिका, व्यवस्थापकाच्या पुढ्यात तारखांची वही, बाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक आणि आत गावाकडून जीप करून आलेली पाच-सात मंडळी, असा तो दरबार असतो. येथे भाव ठरतो तो कलेवर कमी आणि तिथीवर अधिक. कारण ग्रामदैवतांच्या यात्रा पंचांगाने चालतात, चैत्री पौर्णिमेसारख्या एकाच तिथीला अनेक गावांचे देव एकदम जागे होतात आणि फड मात्र एका रात्री एकाच गावी उभा राहू शकतो. मागणी एका रात्रीत दाटल्यामुळे रक्कम लाखांवर जाते, तरीही मंडळी डगमगत नाहीत. नाचणाऱ्या किती, गाड्या किती, प्रकाशयोजना कोणती, वग कोणता (वग म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धातील कथानाट्य), अशी कसून चौकशी करून, चार-पाच हजारांवर अर्धा तास हुज्जत घालून अखेर सुपारी दिली जाते. हीच मंडळी गावी परतली की गावच्या कलावंताशी होणारी वाटाघाट मात्र पारावर, उभ्याउभ्या आणि एका वाक्यात उरकते. ते वाक्य दोन्ही तालुक्यांत सारखेच आहे : ‘तू काय, घरचाच आहेस.’

या वाक्याचे शास्त्रीय मूल्य दुर्लक्षिले गेले आहे. उगमापासून दूर जावे तसा आवाज क्षीण होतो, असे भौतिकशास्त्र सांगते. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात, आणि एवढ्या लांबचे ऐकण्यास एवढी मोठी यंत्रणा लागते, असे शास्त्रज्ञ मानतात. समितीने हा नियमच उलटा करून दाखविला आहे. दोनशे किलोमीटरवरचा फड तिला स्पष्ट ऐकू येतो, शंभर किलोमीटरवरचा ऑर्केस्ट्रा बऱ्यापैकी ऐकू येतो आणि पाठीमागच्या आळीत रोज रियाझ करणारा माणूस अजिबात ऐकू येत नाही.

कलावंताने गावावर केलेल्या उपकारांची परतफेड न करण्यातही समितीने मोठा संयम दाखविला आहे. तमाशा फडांची नावे पाहिली, तर त्यांत व्यक्तीइतकेच गाव मोठे असते : भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर, मंगला बनसोडे करवडीकर, चंद्रकांत ढवळपुरीकर. गावाने एक रुपयाही खर्च न करता त्याचे नाव कापडी फलकांवरून आणि मालमोटारींच्या पाठीवरून चाळीस-पन्नास वर्षे राज्यभर हिंडते. या नावाची अडचण एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे त्या गावात. तेथे शिधापत्रिकेवर नाव असलेला प्रत्येक जण तेवढाच ‘कर’ असल्यामुळे फलकावरच्या ‘कर’ला भाव उरत नाही. ज्यांच्यामुळे नारायणगावचे नाव तमाशाशी कायमचे जोडले गेले, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, १९३५ सालचा. राष्ट्रपतींच्या पुरस्काराने गौरविलेल्या या कलावतीस उतारवयात आर्थिक विवंचनेत दिवस काढावे लागले, २००२ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. एका गावाचा हा दोष नाही, साऱ्या महाराष्ट्राची ती रीत आहे. समितीने फक्त तिची ग्रामपातळीवरील अंमलबजावणी केली, एवढेच श्रेय तिला देता येईल.

तथापि या परंपरेचे मूळ आळसात किंवा कंजूषपणात शोधणे हे समितीच्या इतिहासनिष्ठेवर अन्याय करणारे होईल. तिचे मूळ बलुतेदारीत आहे. बलुतेदारी म्हणजे गावच्या कारागिरांनी व सेवेकऱ्यांनी वर्षभर ठरलेले काम करावे आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याने त्यांना खळ्यावर धान्याचा वाटा द्यावा, ही जुनी ग्रामव्यवस्था. या व्यवस्थेत वाद्य वाजविणे हा व्यवसाय नव्हता, ते जातीकडे आलेले कर्तव्य होते : देवळातील वाजंत्री बहुधा गुरवाकडे, तर देवाच्या पालखीपुढची आणि गावच्या लग्नातील हलगी मांग समाजाकडे. वाजविणाऱ्याने ‘किती देणार’ असे विचारावयाचे नसे, कारण देणे आधीच ठरलेले असे. त्याने ‘येणार नाही’ असेही म्हणावयाचे नसे, कारण येणे हा त्याच्या राहण्याचाच भाग होता, आणि ते राहणे बहुधा वेशीबाहेर असे. १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतन निर्मूलन कायद्याने कनिष्ठ वतने, म्हणजे अशा सेवेच्या बदल्यात वंशपरंपरेने चालत आलेले हक्क व बंधने, संपुष्टात आली आणि बलुत्याचे धान्यही हळूहळू खळ्यावरून नाहीसे झाले. येथे समितीची विवेकबुद्धी दिसते. व्यवस्थेचा जो अर्धा भाग गावाला खर्चाचा होता, तो कालबाह्य म्हणून सोडून देण्यात आला. जो अर्धा भाग गावाच्या फायद्याचा होता, तो परंपरा म्हणून जतन करण्यात आला. बाहेरचा फड कराराने येतो, म्हणून तो कलावंत ठरतो. गावचा वादक हक्काने बोलाविला जातो, म्हणून तो अद्याप बलुतेदारच राहतो, मग त्याची जात कोणतीही असो आणि त्याने ढोलकी घरी शिकलेली असो वा पुण्याच्या विद्यालयात.

हा हक्क वर्षभर कसा वसूल होतो, याचे वर्णन केल्यावाचून अभिनंदन पुरे होणार नाही. कार्तिकातील काकडआरती, अखंड हरिनाम सप्ताह, पोळ्याची मिरवणूक, पालखी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची फेरी, या सर्व प्रसंगी गावच्या वादकाची उणीव समितीस तत्काळ जाणवते. पालखी निघण्यापूर्वी दीड-दोन तास तो देवळामागे पाचटाचा जाळ करून हलगी शेकत बसलेला असतो. हलगीचे कातडे थंडीने व दमटपणाने सैल पडते आणि ते जाळावर फिरवून, बोटाने टिचकी मारून, पुन्हा फिरवून ताणावर आणावे लागते, नाहीतर थाप पोकळ वाजते. मिरवणूक लांबली, की हे काम वाटेत दोन-तीनदा करावे लागते. त्यानंतर त्याला नारळ मिळतो, टोपी मिळते, ध्वनिक्षेपकावरून नावाचा उल्लेख होतो आणि रीतसर जेवणाचे आमंत्रणही असते. यात्रेच्या रात्री मात्र त्याचे स्थान प्रेक्षकांत असते. फारच आग्रह झाला तर त्याला संध्याकाळी सातची वेळ देण्यात येते, जेव्हा बाया चुलीपाशी, पुरुष बैलगाडा शर्यतीच्या घाटावरून परतण्याच्या वाटेवर आणि समोर फक्त खेळणी घेतलेली मुले असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो आणि वर्षातील ठराविक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारी रात्र यामुळे दोन-तीन तासांवर आली. ते दोन-तीन तास महाग झाले, आणि महाग वेळ घरच्या माणसावर खर्च करण्याची चूक समिती करीत नाही. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला, म्हणजे फडाने सकाळी देवळासमोर करावयाच्या छोट्या खेळाला, जर पाहुण्यांचा हलगीवाला दमून झोपला असेल, तर गावच्या वादकाला उठविण्यात येते. ही हजेरी पुन्हा मोफत.

कोरोनाच्या काळात समितीच्या या धोरणास अनपेक्षित यश आले. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी होता. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता आणि त्याच संध्याकाळी राज्यात नव्या कडक निर्बंधांची घोषणा झाली. लागोपाठ दोन वर्षे यात्रांचा हंगाम बुडाला आणि सावकाराची उचल, म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ कर्जाऊ रक्कम, फडमालकांच्या डोक्यावर राहिली. बाहेरचा आणि गावचा कलावंत त्या काळापुरते समान पातळीवर आले. समितीच्या इतिहासातील समतेचा हा एकमेव प्रसंग असल्यामुळे त्याची नोंद येथे केली आहे.

गाव एखाद्या गोष्टीसाठी मनापासून उभे राहिले तर काय होऊ शकते, हे या दोन तालुक्यांना ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या, तेव्हा येथील शेतकऱ्यांनी आणि गाडामालकांनी मोर्चे काढले, रस्ते अडविले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. बैलांचे हे भाग्य रास्तच आहे. ढोलकीवाल्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतकी मोठी नाही, ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मिटण्यासारखी आहे, आणि बहुधा म्हणूनच ती मिटत नाही.

समितीच्या बाजूने एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून मान्य करावी लागेल. बाहेरचा फड रंगला नाही, तर लोक फडाला शिव्या देतात; गावच्या कलावंताचा कार्यक्रम रंगला नाही, तर लोक अध्यक्षाला शिव्या देतात. शिवाय गावचा कलावंत एकटा नसतो. त्याच्यामागे भावकी असते, भावकीचे वैरी असतात, गेल्या निवडणुकीतील पॅनेल असते. वरच्या आळीचा ढोलकीवाला बोलाविला तर खालच्या आळीचा शाहीर वर्गणी थांबवितो. वर्गणीचा मोठा वाटा देणारे मुंबईकर मंडळ, म्हणजे नोकरी-व्यापारानिमित्त मुंबईस गेलेल्या ग्रामस्थांची संघटना, वर्षातून एकदा गावी येते, आणि रोज पाराशी भेटणाऱ्या माणसासाठी तिने पैसे का द्यावेत, या प्रश्नास समितीजवळ तयार उत्तर नसते. परका फड या सर्व भांडणांतून गावाला सोडवितो, कारण तो सकाळी निघून जातो. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आजवर पिकाच्या दोषाविषयी वापरली गेली; नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रोज सिद्ध होते, की पिकते तिथेही उत्तम विकते, फक्त तेथे काटा, दर आणि पावती असावी लागते.

तेव्हा समितीने आपल्या थोर परंपरेला फारसा धक्का न लावता एवढेच करावे. येत्या यात्रेतील एक संध्याकाळ, सातची नव्हे तर नऊची, गावच्या कलावंतांना द्यावी. त्यांच्याशी राहुटीत करतात तशीच कसून घासाघीस करावी, पण बसून करावी. ठरलेल्या रकमेचा निम्मा भाग आगाऊ द्यावा आणि यात्रेच्या हिशेबाचा जो फलक देवळाच्या भिंतीवर लागतो, त्यावर बाहेरच्या फडाच्या रकमेखाली त्यांची रक्कमही लिहावी. कार्यक्रम पडला, तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावू नये. पडलेल्या फडांशी समिती तसेच वागते, आणि गावच्या कलावंताला याहून वेगळी वागणूक नको आहे. वर्गणी आणि सुपारी या दोन्हींची पावती मात्र एकाच पुस्तकातून फाडावी.

कळावे, लोभ असावा.

समितीचा,
एक नियमित वर्गणीदार